मुलाचा फुटबॉल अहवाल वाचण्याआधी

मुलाची मापं घेऊन आणि त्याला मैदानावर खेळताना बघून आम्ही बनवलेला अहवाल हातात पडला की बहुतेक पालक मधली पानं सोडून थेट शेवटच्या पानावर जातात आणि विचारतात, "मग? होणार का प्लेअर?"

त्या पानावर हे उत्तर नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोराबद्दल "हा नक्की होणार" किंवा "याचं काही खरं नाही" असं आम्ही लिहून देत नाही, आणि दुसरं कुणी देत असेल तर त्यांना विचारा, मुलाची वाढ कुठपर्यंत आली आहे हे मोजलंत का? कारण पेठेतल्या मैदानावर या वयात जे डोळ्यांत भरतं त्यातलं बरंचसं खेळ नसतंच, ती वाढ असते. दोन्ही वेगळं करून दाखवणं एवढंच आमचं काम.

सुरुवात जन्मतारखेपासून

भारतात वयोगट १ जानेवारीला बदलतो. म्हणजे ३ जानेवारीला जन्मलेला आणि त्याच वर्षी २८ डिसेंबरला जन्मलेला, दोघं एकाच गटात. कागदावर वय सारखं, प्रत्यक्षात जवळजवळ वर्षाचं अंतर. दहाव्या वर्षी हे अंतर म्हणजे आख्ख्या आयुष्याचा दहावा हिस्सा. जगभरच्या अकादम्यांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीतली मुलं जास्त आणि शेवटच्या तिमाहीतली कमी दिसतात ती यामुळेच. इंग्लंडमध्ये गट १ सप्टेंबरला बदलतो, तर तिथे सप्टेंबर ते नोव्हेंबरची पोरं जास्त! महिन्यात काही जादू नाही, गटाची रेघ कुठे मारली त्यावर सगळं आहे. म्हणून आमच्या पहिल्या पानावर नावाखाली तिमाही ठळक छापलेली असते.

दाखल्यावरची तारीख मात्र खरी हवी. आजोबांच्या पिढीत मास्तरांनी अर्ध्या वर्गाचा जन्म १ जूनला लावला, ते चालून गेलं. आता चालत नाही. फिफाने २००९ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाचा एमआरआय घ्यायला सुरुवात केली, आणि आपल्याकडच्या वयोगट स्पर्धांतही हाडांवरून वय तपासलं जातं. वर्ष चोरून पोराला खालच्या गटात खेळवलं तर तो दोन हंगाम चमकतो आणि ज्या वयात खरं शिकायचं त्या वयात अंगाच्या जोरावर खेळायची सवय लावून घेतो. असे अर्ज आम्ही परत पाठवतो.

उंची, आणि बसून उंची

सगळ्यात जास्त वेळ आम्ही इथेच घालवतो. मुलगा अनवाणी, टाचा भिंतीला, नजर सरळ समोर. मग दर वेळी त्याच मापाच्या लाकडी स्टुलावर बसवून बसल्या उंचीचं माप. दोन्ही मापं दोनदा, फरक जास्त आला तर तिसऱ्यांदा. माप नेहमी सकाळीच. दिवसभरात मणक्यांमधल्या गाद्या दबून उंची सेंटीमीटरभर कमी भरते, त्यामुळे एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी मोजलं तर पोरगं तीन महिन्यांत वाढलंच नाही असं वाटतं. आमच्याकडून पहिल्या वर्षी हे झालंय. एका आईने घरच्या दारावरच्या पेन्सिलच्या खुणा दाखवून आमची चूक काढली.

बसून उंची कशाला? वाढीच्या झपाट्यात आधी पाय लांबतात, धड मागून येतं. दोन्हींच्या प्रमाणावरून तो झपाटा येऊन गेला की यायचाय, याचा अंदाज बांधता येतो. मुलग्यांत तो सरासरी चौदाच्या आसपास येतो, मुलींत बाराच्या. ऐन भरात मुलगा वर्षाला नऊ-दहा सेंटीमीटर वाढतो. याच काळात कालपर्यंत चेंडू पायाला चिकटवून फिरणारा पोरगा अचानक अडखळायला लागतो, टाच नाहीतर गुडघ्याखालचं हाड दुखतं म्हणतो. "लक्ष नाही याचं, मोबाईल वाढलाय" असं त्याला घरी ऐकावं लागतं. मोबाईल वाढलाही असेल, पण आधी पाय वाढलेत. अशा मुलाच्या अहवालावर आम्ही पिवळी पट्टी लावतो. अर्थ इतकाच: सहा महिने निवड-बिवड काही ठरवू नका, उड्या आणि धावण्याचा भार कमी करा, दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

आई-वडिलांची उंचीही आम्ही विचारतो. खामिस आणि रोश यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या पद्धतीने मुलाचं वय, उंची, वजन आणि पालकांच्या उंचीची सरासरी यांवरून प्रौढपणीची उंची अंदाजता येते. ही पद्धत अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या गोऱ्या मुलांच्या मापांवर बेतलेली आहे, त्यामुळे आम्ही एक आकडा न देता "इथून इथपर्यंत" असं लिहितो. आणि वडिलांनी कृपया चार बोटं वाढवून सांगू नये. शक्यतो दोघांनीही यावं, आम्हीच मोजतो.

एकाच संघातल्या दोन तेरा वर्षांच्या मुलांची उदाहरणं घ्या. एक १६८ सेंटीमीटर, ओठावर मिसरूड, सेंटर फॉरवर्ड, दर सामन्यात गोल. अंदाजे प्रौढ उंची १७४, म्हणजे जवळपास ९७ टक्के वाढ झाली. दुसरा १४६ सेंटीमीटर, बहुतेक वेळ बाकावर. त्याची अंदाजे उंची १७५, वाढ ८३ टक्के. मोठी झाल्यावर दोघं खांद्याला खांदा लावून उभी राहतील. आज मात्र एक बाप्या आणि एक पोर एकाच चेंडूमागे धावताहेत, आणि काठावरून आपण म्हणतो, "तो बघा, काय ताकद आहे!"

इंग्लंडच्या अकादम्या म्हणूनच अधूनमधून वयाऐवजी वाढीच्या टक्क्यांवर गट पाडून सामने घेतात. बेल्जियमच्या महासंघाने तर उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळा राष्ट्रीय संघच ठेवला. आंत्वान ग्रीझमनला लहान चणीमुळे फ्रान्समधल्या क्लबांनी नाकारलं, स्पेनच्या रेआल सोसिएदादने घेतलं, आणि २०१८ चा विश्वचषक तो फ्रान्सकडूनच जिंकला. अर्थात बाकावरचं प्रत्येक बुटकं पोरगं ग्रीझमन नसतं. उंची वाढेल, पण चेंडू आपोआप कळायला लागत नाही.

मैदानावर

चार विरुद्ध चार, छोटं मैदान, आठ-आठ मिनिटं, आणि दर वेळी संघ बदलून. मित्र सोबत नसले, जागा बदलली की कोण काय करतो ते कळतं. जमिनीवर ठेवलेल्या प्लास्टिकच्या शंकूंमधून चेंडू पायाने वळवत धावायची (ड्रिबल) घड्याळी चाचणीही आम्ही घेतो, पण तिला फारशी किंमत देत नाही. शंकू काही अंगावर धावून येत नाही.

आम्ही मान बघतो. पास येण्याआधीच्या काही सेकंदांत मुलगा किती वेळा वळून मागे-बाजूला पाहतो, ते व्हिडिओवर मोजतो. नॉर्वेचे संशोधक गेइर यॉर्डेट यांनी हेच मोठ्या व्यावसायिक खेळाडूंवर मोजलं आहे. जास्त पाहणाऱ्याला चेंडू येण्याआधीच पुढचं ठरलेलं असतं. शिवाय हे उंचीवर अवलंबून नाही आणि शिकवताही येतं, म्हणून आमच्या लेखी ते पाच गोलांपेक्षा मोलाचं. दुसरं बघतो ते चेंडू गमावल्यावरचे तीन सेकंद: मागे पळतो, की हात वर करून रेफ्रीकडे बघतो.

गोलकीपरचं गणित थोडं वेगळं आहे, तिथे अंदाजे उंचीला वजन द्यावंच लागतं. मुलींचा झपाटा दोनेक वर्षं आधी येतो, म्हणून त्यांचे तक्ते वेगळे.

शंभरपैकी गुण का नाहीत

पूर्वी देत होतो. ७२ गुणवाला ६८ वाल्याला चिडवायला लागला आणि दोघांच्या घरून फोन आले, तेव्हा बंद केलं. आता तीन रकाने: आज काय येतं, त्यातलं वाढीमुळे किती वाटतं, आणि सहा महिन्यांनी काय पुन्हा बघायचं. आमच्यासाठी तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. एकदा काढलेलं माप म्हणजे फोटो आहे. मुलगा कोणत्या दिशेने चाललाय ते दुसऱ्या-तिसऱ्या मापानंतर कळतं. दुसऱ्या मापाचे वेगळे पैसे नाहीत.

परदेशातल्या "सिलेक्शन"बद्दल

दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी पालक पत्र घेऊन येतात: अमुक देशातल्या क्लबमध्ये मुलाची निवड, लाखभर भरा. फिफाच्या नियमाप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाची दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदणी मोजके अपवाद सोडले तर होत नाही. परदेशात आठवडाभराचं शिबिर करायला हरकत नाही, मात्र त्याला निवड म्हणू नका. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडून.

येताना

जन्मदाखल्याची प्रत, जुनी उंची-वजनाची नोंद असेल तर ती (शाळेचं आरोग्यपत्रक चालतं), रोज वापरतो तेच बूट. नवे आणू नका, पहिल्या दहा मिनिटांत फोड येतात. पोटभर मिसळ खाऊन आणू नका, हेही सांगावं लागतं. सामने चालू असताना पालकांनी कुंपणाबाहेर बसावं आणि "शूट मार!" ओरडू नये. ते ओरडणं व्हिडिओत येतं, आणि त्यानंतरचे निर्णय मुलाचे की वडिलांचे ते आम्हाला सांगता येत नाही.