नोटरी झाली म्हणजे नोंदणी झाली का? नाशकात भाड्याने घर घेताना

गिरणारे, ओझर, भगूरकडून मुलांच्या शाळेसाठी किंवा नोकरीसाठी नाशकात राहायला येणारी माणसं घर पारखून घेतात, डिपॉझिटवर घासाघीस करतात आणि कागदाचं काम मात्र एजंटवर सोडून देतात. गावाकडे खोली शब्दावर मिळते. त्यामुळे शहरात स्टँपपेपर हातात पडला की सगळं पक्कं झालं असं वाटतं. पण ‘अ‍ॅग्रीमेंट झालं’ असं म्हणतात तेव्हा तो करार नोटरी केलेला असू शकतो किंवा नोंदणी केलेला. नोटरी तासाभरात उरकते, म्हणून तीच सर्रास केली जाते. कायद्याला हवी असते ती नोंदणी.

नोटरीसाठी कोर्टाबाहेर स्टँपपेपरवर ठरावीक मजकूर टाईप होतो, नावं आणि रकमा भरल्या जातात, मालक-भाडेकरू सह्या करतात. नोटरी वकील तिकीट लावून शिक्का मारतात आणि आपल्या रजिस्टरात नोंद घेतात. सही करणारी माणसं हीच आणि सही आपल्यासमोर झाली, एवढीच त्या शिक्क्याची ग्वाही. नोंदणी कार्यालयात त्या कराराची प्रत जात नाही.

नोंदणीचा करार दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे सरकारी नोंदणी अधिकाऱ्याकडे दाखल होतो, त्याला दस्त क्रमांक पडतो आणि ‘सूची क्रमांक २’, म्हणजे दस्ताचा सरकारी गोषवारा निघतो. ओळखायला सोपा असतो: पानांवर दोघांचे फोटो, अंगठ्यांचे ठसे, दस्त क्रमांक आणि वर्ष. यातलं काहीच नसेल आणि नुसता गोल शिक्का असेल, तर ती नोटरी.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असं तुम्हाला दहा जण सांगतील. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यातून हा समज पसरला. महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ लागू होतं. लीव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची नुसती परवानगी) असो की भाडेपट्टा, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग मुदत सहा महिन्यांची का असेना. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय असा करार नसताना वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं आणि ते खोटं ठरवायचं काम मालकावर येतं. मालक टाळाटाळ करत असेल तर त्याला हे कलम शांतपणे दाखवावं. आपलं नुकसान कुठे आहे हे कळलं की बहुतेक मालक तयार होतात.

भाडेकरूनंही दुसरी बाजू नीट समजून घ्यावी. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भाड्याइतकी भरपाई द्यावी लागू शकते. आणि त्या प्रकरणात लेखी करारात जे आहे तोच निर्णायक पुरावा. ‘तोंडी वेगळं ठरलं होतं’ याला तिथे किंमत नाही.

खर्चाचा बाऊ उगाच केला जातो. लीव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. पूर्ण मुदतीचं भाडं धरायचं, परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते त्यात मिळवायचं. भाडं १४,०००, मुदत २४ महिने, डिपॉझिट ५०,००० असेल तर ३,३६,००० अधिक १०,००० म्हणजे ३,४६,०००. त्याचे ०.२५ टक्के ८६५, शंभरात वर नेऊन ९०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. दस्त हाताळणी शुल्क आणि एजंटची मजुरी वेगळी. एजंटकडून सरकारी चलनाची पावती मागून घ्या, म्हणजे फीचे किती आणि मजुरीचे किती ते कळतं.

नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते. एजंट लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार, सगळ्यांची आधार कार्डं तयार ठेवा. काम अडतं ते दोन ठिकाणी. वयस्कर मालकांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ते घेत नाही. हात धुऊन, कोरडे करून पुन्हा प्रयत्न करावा, तरी जमलं नाही तर आधार केंद्रात ठसे अद्ययावत करून घ्यावेत. दुसरी अडचण मिळकतीच्या वर्णनाची. आपण ‘गंगापूर रोड’ म्हणतो, पण तिथल्या कित्येक सोसायट्या कागदावर मौजे आनंदवल्लीत असतात. म्हणून गाव, सर्व्हे नंबर आणि फ्लॅट नंबर तोंडी सांगू नका. मालकाच्या खरेदीखताची सूची आणि घरपट्टीची पावती समोर ठेवून उतरवा. जुन्या वाड्यातली खोली असेल तर सिटी सर्व्हे नंबर आणि सगळ्या वारसांच्या सह्या, दोन्ही तपासा. मालक परगावी असेल तर त्याच्या वतीने सही करणाऱ्याकडे कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) हवं.

अंगठा देण्याआधी मसुदा स्क्रीनवर पूर्ण वाचा. लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) आणि नोटिशीचा महिना दोघांनाही सारखा लागू आहे ना, हे विशेष बघा. २०२७ च्या सिंहस्थात मालकाला घर दुसऱ्या कामाला हवंसं वाटू शकतं, म्हणून मुदत त्या काळात येत असेल तर ही अट ढिली ठेवू नका. मेंटेनन्स कोण भरणार तेही लिहून घ्या. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी भाड्याच्या फ्लॅटवर बिगरभोगवटा शुल्क लावते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही आणि सोसायटी ते मालकाकडून घेते.

आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांवर, शाळेत प्रवेश घ्यायचा तर नोटरीची प्रत चालत नाही, नोंदणीकृत करारच लागतो आणि तोही अर्जाच्या आधीचा. म्हणून शाळेसाठी येणाऱ्यांनी घर ठरताच नोंदणी उरकावी. घरभाडे भत्ता घेणाऱ्यांनी, वर्षाचं भाडं एक लाखावर जात असेल तर, मालकाचा पॅन क्रमांकही तेव्हाच मागून घ्यावा.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं हे आणखी वेगळं काम आहे. नोंदणी झाली म्हणून ते आपोआप झालं असं धरून चालू नका. पंचवटी, गंगापूर, इंदिरानगर, ज्या ठाण्याच्या हद्दीत घर असेल तिथे किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर मालकाने माहिती भरावी आणि पोचपावतीची एक प्रत भाडेकरूला द्यावी.