दगडी अंगरख्याआड माती : विजापूरच्या तटबंदीची गोष्ट

विजापूरला जाणारा मराठी माणूस बहुधा गोल घुमट पाहतो, कुजबुजणाऱ्या सज्जात एकदा टाळी वाजवतो, इब्राहिम रोजा पाहतो आणि परतीची गाडी धरतो. शहराच्या पश्चिम भागात उंचवट्यावर उभा असलेला उपली बुरूज त्याच्या यादीत क्वचितच असतो. हा बुरूज सुमारे २४ मीटर उंच आहे आणि त्याच्या पायऱ्या आतून नसून बाहेरच्या अंगाने, भिंतीला बिलगून वळत वर जातात. माथ्यावर लोखंडाच्या दोन तोफा पडून आहेत. त्यांतली ‘लांबछडी’ नऊ मीटरहून अधिक लांबीची आहे. तिथे उभे राहिले की आदिलशाहीच्या या राजधानीभोवतीचा तट कुठून कुठे गेला होता, याचा अंदाज येतो. तटाचा घेर सुमारे १० किलोमीटर, त्यावरचे बुरूज ९६ आणि मोठे दरवाजे पाच : पश्चिमेला मक्का, वायव्येला शहापूर, उत्तरेला बहमनी, पूर्वेला अलीपूर आणि दक्षिणेला मंगोळी.

विजापूर ही राजधानी १४९० ते १६८६ अशी जवळजवळ दोन शतके टिकली. पहिला सुलतान युसूफ आदिलशाह याच्या काळापासून शहराच्या मधोमध अरकिल्ला, म्हणजे राजवाड्याभोवतीचा आतला कोट, आकार घेत गेला. संपूर्ण शहराला वेढणारा बाहेरचा तट मात्र पहिल्या अली आदिलशाहाच्या काळातला आहे. जानेवारी १५६५ मध्ये दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा पराभव केला, ज्या लढाईला आपण तालिकोटची किंवा राक्षसतागडीची लढाई म्हणतो. त्या विजयानंतर हाती आलेली संपत्ती आणि मनुष्यबळ या कामी लागले. तटाचे काम सरदारांमध्ये तुकड्या-तुकड्यांनी वाटून दिले होते, असे परंपरेने सांगितले जाते. बुरुजांच्या बांधणीतला फरक पाहिला तर ते पटण्यासारखे आहे, कारण शेजारचे दोन बुरूजही पुष्कळदा एका हातचे वाटत नाहीत. उपली बुरुजाचीही अशीच एक कथा आहे. तट बांधला जात असताना हैदरखान नावाचा सरदार मोहिमेवर होता आणि आपला वाटा राहून गेला म्हणून त्याने मागाहून, तटाच्या आत, सर्वांहून उंच बुरूज उभारला. कथा खरी असो वा नसो, बुरुजावरचा शिलालेख हैदरखानाचेच नाव सांगतो आणि त्यावरचे हिजरी वर्ष इसवी सन १५८४ च्या सुमाराचे आहे.

या तटाकडे बाहेरून पाहणाऱ्याला तो दगडाचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचा बहुतेक भाग मातीचा आहे. सहा ते नऊ मीटर अंतरावर दोन जाड दगडी भिंती समांतर उभ्या करायच्या, मधली पोकळी माती घालून थराथराने धुमसून, म्हणजे ठोकून घट्ट करत, भरायची आणि वर चुन्यातल्या बांधकामाची फांजी घालून ते सारे झाकायचे, अशी ही रचना आहे. फांजी म्हणजे तटावरून पहारेकऱ्याने चालायची वाट. तिच्या बाहेरच्या कडेला चर्या (दातेरी कंगोरे) आणि जंग्या (मारा करण्यासाठी ठेवलेली छिद्रे) असलेला कठडा. तटाची उंची जागोजागी ९ ते १५ मीटर भरते. बाहेर १२ ते १५ मीटर रुंदीचा खंदक होता. आता तो पुष्कळ ठिकाणी बुजला आहे.

माती का, याचे उत्तर तोफेत आहे. विजापूरच्या आसपास मिळणारा काळा बेसॉल्ट अतिशय कठीण, पण ठिसूळ असतो. दाब तो उत्तम सहन करतो; आघात झाला की मात्र त्यात तडे जातात आणि तडा एका चिऱ्यातून दुसऱ्यात पसरतो. नुसत्या दगडी भिंतीवर एकाच जागी गोळे बसत राहिले तर केव्हातरी वरचा सगळा भार खाली येतो. धुमसलेल्या मातीचे वर्तन वेगळे असते. गोळा आत शिरतो तेव्हा मातीचे कण एकमेकांवर घासत बाजूला सरकतात, घर्षणात गोळ्याची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने संपते आणि गोळा तिथेच रुतून बसतो. मातीला तडा जाऊन तो दूरवर पसरत नाही. म्हणूनच मला विजापूरचा तट म्हणजे दगडाचा अंगरखा घातलेला मातीचा बांध वाटतो. अंगरख्याची कामे दोन : मातीला उभ्या कडेने धरून ठेवणे आणि शत्रूला चढण्यासाठी पाय रोवायला जागा न देणे.

सोळाव्या शतकात युरोपातले अभियंतेही मातीच्या भरावापर्यंत आले होते, पण उंचीच्या बाबतीत त्यांनी उलटी वाट धरली. उंच भिंत हे तोफेचे सोपे लक्ष्य असते, म्हणून इटलीत आणि पुढे इतरत्र तट बुटके झाले, खंदकात दडले आणि गोल बुरुजांच्या जागी टोकदार, बाणाच्या फाळासारखे बुरूज आले. विजापूरने बुरूज गोलच ठेवले आणि तोफा शक्य तितक्या उंच नेल्या. हे अडाणीपणाचे लक्षण होते, असे म्हणणारे लेखन पूर्वी बरेच झाले. मला तो निष्कर्ष उतावळेपणाचा वाटतो.

साधा हिशेब करून पाहू. तोफ आडवी रोखून गोळा सेकंदाला ३०० मीटर वेगाने सोडला, तर तो जमिनीवर पडेपर्यंतचा वेळ केवळ उंचीवर ठरतो. १० मीटर उंचीवरून त्याला सुमारे १.४ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो ४३० मीटर जातो. २४ मीटर उंचीवरून २.२ सेकंद मिळतात आणि अंतर ६६० मीटर होते. हवेचा विरोध धरला तर दोन्ही आकडे कमी होतील, पण उंच तोफेचा फायदा राहीलच. पाहण्याचेही तसेच आहे. विजापूरभोवतीचा प्रदेश बराचसा उघडा माळ आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे १० मीटर उंचीवरून क्षितिज साधारण ११ किलोमीटरवर दिसते, तर २४ मीटरवरून १७ किलोमीटरवर. बैलांच्या आणि हत्तींच्या बळावर माळावरून जड तोफा ओढत आणणाऱ्या सैन्याची धूळ उपली बुरुजावरच्या पहारेकऱ्याला बरीच आधी दिसत असणार. उंच तोफेला अगदी पायथ्याशी आलेल्या माणसावर नेम धरता येत नाही, ही तिची उणीव; ती जागा खालच्या तटावरच्या जंग्यांनी आणि खंदकाने सांभाळायची.

तोफ केवळ उंचावर नेऊन भागत नाही. ती फिरवता आली पाहिजे आणि तिचा धक्का कुठेतरी जिरला पाहिजे. उपली बुरुजापासून पश्चिमेला थोड्याच अंतरावर, तटातल्या शेरझा बुरुजावर, ‘मलिक-ए-मैदान’ म्हणजेच मुलूखमैदान तोफ आहे. तिचा गाडा चौथऱ्याच्या मधोमध रोवलेल्या लोखंडी खुंटाभोवती फिरत असे आणि मागे धक्का झेलणारी भक्कम भिंत होती. या तोफेची लांबी सुमारे ४.४५ मीटर, बाहेरचा व्यास दीड मीटर आणि नळीचा व्यास ७० सेंटीमीटर आहे. तिचे वजन ५५ टन सांगितले जाते, आणि असे आकडे ऐकले की मला ते पडताळून पाहायचा मोह होतो. बाहेरच्या दंडगोलाच्या घनफळातून नळीची पोकळी वजा केली तर सुमारे ६.१५ घनमीटर धातू उरतो. कांशाची घनता पाण्याच्या ८.७ पट धरली तर वजन ५३ टनांच्या पुढे जाते. म्हणजे सांगणाऱ्यांनी फारसे वाढवून सांगितलेले नाही. तिच्या नळीत बसेल असा बेसॉल्टचा गोळा ५०० किलोच्या आसपास भरेल. तो सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटला तर संवेग अक्षय्यतेच्या नियमाने ही अजस्र तोफ सेकंदाला जवळजवळ २ मीटर वेगाने मागे येईल. मागची भिंत कशासाठी होती, ते यावरून कळते.

ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला, निजामशाहीत ओतली गेली. ओतणाऱ्याच्या नावात ‘रूमी’ आहे, म्हणजे तो तुर्की प्रदेशातून आलेला होता. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि तिथून १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरारपंताने ती विजापूरला आणली. तिच्या तोंडाशी हत्तीला गिळणाऱ्या सिंहासारख्या प्राण्याचे शिल्प आहे. धातू पाहिला तर साधारण ८० भाग तांबे आणि २० भाग कथील. तोफा ओतणारे सहसा कथील दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात, कारण त्यापुढे कांसे कठीण होते तसे ठिसूळही होते. मुलूखमैदानाचे मिश्रण हे खरे तर घंटेचे मिश्रण आहे आणि म्हणूनच बोटाच्या पेराने टकटक केले तरी ती नाद देते. तोफ भर उन्हातही थंड लागते, हे तिथले वाटाडे हमखास सांगतात. त्यातही चमत्कार नाही. पन्नासहून अधिक टन धातूचे तापमान एका अंशाने वाढवायला जवळजवळ दोन कोटी ज्यूल उष्णता लागते आणि माझ्या ढोबळ हिशेबाने, कडक उन्हात तासभरात तिला याहून कमीच मिळते. रात्रीचा गारवा ती दुपारपर्यंत धरून ठेवते.

१८५४ मध्ये, सातारचे राज्य खालसा झाल्यावर, साताऱ्याच्या इंग्रज कमिशनरने विजापूरच्या निरुपयोगी तोफा विकून टाकण्याचा हुकूम दिला. मुलूखमैदानाला सर्वांत मोठी बोली आली ती १५० रुपयांची. ही रक्कम अगदीच क्षुल्लक आहे आणि लोकांना या तोफेविषयी श्रद्धा आहे, असे स्थानिक अधिकाऱ्याने वर कळवले आणि विक्री रद्द झाली.

तट कितीही जाड असला तरी आतल्या माणसांना पाणी लागते. विजापूर हे मोठ्या नदीकाठचे शहर नाही. तोरवीकडून भुयारी मार्गाने आणलेले पाणी, १५७९ ची चांद बावडी, १६२० ची ताज बावडी आणि १६५१ मध्ये महंमद आदिलशाहाने बांधलेला बेगम तलाव यांवर शहर जगत होते. बेगम तलावाचे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून येई आणि वाटेत ‘गंज’ नावाचे मनोरे बांधून नळांतला दाब उतरवला जाई. ही व्यवस्था मी तटबंदीचाच भाग मानतो. पुरंदरच्या तहानंतर, १६६५ च्या अखेरीस, मिर्झाराजे जयसिंग शिवाजी महाराजांना बरोबर घेऊन विजापूरवर चालून आले, तेव्हा आदिलशाही सरदारांनी शहराबाहेरचे तलाव फोडले, विहिरी निकामी केल्या आणि भोवतालची झाडे तोडली. विजापूरपासून काही कोसांवर आलेल्या मोगलांना ना पाणी मिळाले ना वैरण, आणि तट फोडण्याइतक्या जड तोफाही त्यांच्याजवळ नव्हत्या. जानेवारी १६६६ मध्ये ते मागे फिरले. तटाला ओरखडाही न येता वेढा टळला.

वीस वर्षांनी औरंगजेबाने हीच युक्ती उलटवली. १६८५ च्या वसंतात सुरू झालेला वेढा दुसरा पावसाळा संपत आला तरी चालूच होता. दक्षिणेकडून तटावर तोफा डागल्या गेल्या, सुरुंग खोदले गेले, खंदक भरून काढण्यासाठी महिनोन्महिने खपावे लागले. अखेर १२ सप्टेंबर १६८६ रोजी तरुण सिकंदर आदिलशाह शरण आला. आत अन्न आणि माणसे दोन्ही संपत आली होती. मंगोळी दरवाजाने बादशहा शहरात शिरला आणि दरवाजाचे नाव फतेह दरवाजा झाले.

या वेढ्याच्या खुणा दक्षिण बाजूला, ‘लांडा कसाब’ नावाच्या तोफेच्या बुरुजाजवळ, अजून दिसतात. ही तोफ ओतलेली नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या पिंपाच्या फळ्यांसारख्या एकमेकींना जुळवून त्यांवर तापवलेली कडी चढवली आहेत. कडी निवताना आकसली आणि पट्ट्या घट्ट आवळल्या गेल्या, जशी बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो. जवळच्या तटाच्या दर्शनी दगडांवर मोगली गोळ्यांचे घाव आहेत. चिऱ्यांचे कोपरे उडाले आहेत, कठडा ढासळला आहे, पण मागचा बांध उभा आहे.

तटाचे खरे नुकसान नंतर पाण्याने केले. फांजीवरचा चुना जिथे फुटला, तिथून पावसाचे पाणी आत मुरते. ओला भराव जड होतो, मातीत चिकणाईचा अंश असेल तर फुगतो आणि बाहेरच्या भिंतीला आडवा रेटतो. उन्हाळ्यात तोच भराव आकसतो आणि त्याच्या भेगांत पुढच्या वर्षीचे पाणी अधिक खोल जाते. अशा काही पावसाळ्यांनंतर गवंडी म्हणतात तसे भिंतीला ‘पोट सुटते’. त्यातच पिंपळाचे मूळ सांध्यात शिरले तर ते जाडावताना चिरे सुटे करते, आणि वरवरचे झाड तोडले तरी आतले मूळ पुन्हा फुटते. दर्शनी चिरे जिथे गळून पडले आहेत, तिथे तटाचा उभा छेदच समोर येतो : दोन्ही बाजूंना काळा दगड आणि मधे तांबूस-करड्या मातीचे, एकावर एक धुमसून बसवलेले थर.