तांब्याची भुकटी आणि त्रेपन्न क्युबिट

७ ऑक्टोबर २०२५ रोजी स्टॉकहोममध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा कॅलिफोर्नियात रात्रीचे पावणेतीन वाजले होते. तिघा विजेत्यांपैकी जॉन मार्टिनिस गाढ झोपेत होते. वार्ताहर दाराशी येऊन थडकले तरी पत्नीने त्यांना लगेच उठवलं नाही. पूर्वी या रात्री दोघं निकालासाठी जागत असत. पुढे कधीतरी, झोप जास्त महत्त्वाची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ज्या कामाला पारितोषिक मिळालं त्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती, हे पाहता त्यांचं काही चुकलं असं म्हणवत नाही.

नंतरच्या बऱ्याच बातम्यांचा सूर ‘क्वांटम कॉम्प्युटरला नोबेल’ असा होता. मानपत्रात मात्र कॉम्प्युटर हा शब्दही नाही. जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि मार्टिनिस यांना हा मान मिळाला तो एका विद्युत परिपथात, हातात धरता येईल एवढ्या वस्तूत, क्वांटम टनेलिंग आणि ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्या दाखवल्याबद्दल. प्रयोग १९८४ आणि १९८५ मधले. क्वांटम कॉम्प्युटरच्या माहितीच्या एककाला ‘क्युबिट’ म्हणतात; हा शब्द शोधनिबंधात छापला गेला तो १९९५ मध्ये. म्हणजे पारितोषिकाचं काम झालं तेव्हा त्याचा पुढे काय उपयोग होणार, हे सांगायला शब्दसुद्धा नव्हता.

टनेलिंग म्हणजे भिंत ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही पलीकडे निघून जाणं. १९२७ मध्ये फ्रीडरिश हुंट यांनी रेणूंच्या संदर्भात ही कल्पना मांडली, १९२८ मध्ये जॉर्ज गॅमो यांनी तिच्यावरून किरणोत्सारी अणुकेंद्रातून अल्फा कण बाहेर कसा पडतो ते उलगडलं. पण हे सगळं एकेकट्या कणाचं. १९६२ मध्ये केंब्रिजमधल्या २२ वर्षांच्या ब्रायन जोसेफसन या विद्यार्थ्याने गणित मांडून दाखवलं, की दोन अतिवाहकांच्या, म्हणजे विरोधाविना वीज वाहून नेणाऱ्या पदार्थांच्या, मध्ये विद्युतरोधकाचा अतिशय पातळ थर असेल तर इलेक्ट्रॉनच्या जोड्या त्यातून व्होल्टेजशिवाय पार जातील. अतिवाहकतेच्या सिद्धान्ताचे एक जनक जॉन बार्डीन यांना हे पटलं नाही आणि त्यांनी ते उघडपणे सांगितलं. वर्षभरात प्रयोगांनी विद्यार्थ्याच्या बाजूने कौल दिला, आणि १९७३ मध्ये जोसेफसन यांना नोबेल मिळालं.

इथे वाचकाची एक गफलत हमखास होते. अशा पातळ थराच्या जोडाला जोसेफसन जोड म्हणतात. त्यातून इलेक्ट्रॉनच्या जोड्या पार जातात, मग १९८५ मध्ये नवीन ते काय? नवीन हे, की प्रश्न जोड्यांचा नव्हताच. प्रश्न अख्ख्या परिपथाचा होता. जोडातल्या अब्जावधी जोड्या एकाच लयीत चालतात आणि त्या साऱ्यांची अवस्था मिळून एका आकड्याने सांगता येते. त्याला कला (फेज) म्हणतात. हा आकडा, म्हणजे ही सगळी झुंड एकगठ्ठा, एखाद्या इलेक्ट्रॉनसारखी टनेलिंग करेल का? सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस भौतिकशास्त्रज्ञ अँथनी लेगेट यांनी हा प्रश्न नेमका करून ठेवला. क्वांटमचे नियम मोठ्या वस्तूंना लागू होतात की मध्येच कुठेतरी संपतात, याचा तो टेबलावर मांडता येणारा कस होता.

चित्र डोळ्यांसमोर आणायचं तर एक पन्हळी पत्रा घ्या, तो थोडा तिरका धरा आणि त्याच्या एका पन्हळीत गोटी ठेवा. जोडातून सोडलेला विद्युतप्रवाह म्हणजे पत्र्याचा तिरकेपणा. प्रवाह कमी असेल तर गोटी पन्हळीत बसून राहते आणि जोडावर व्होल्टेज शून्य. प्रवाह हळूहळू वाढवला की पन्हळ उथळ होते, गोटी निसटते, घरंगळत जाते, आणि जोडावर एकदम व्होल्टेज दिसू लागतं. प्रयोग करायचा तो एवढाच: प्रवाह सोडा, किती वेळाने व्होल्टेज उमटतं ते मोजा, पुन्हा पहिल्यापासून. असं पुन:पुन्हा करून निसटण्याचा वेग काढायचा, आणि मग तापमान उतरवत न्यायचं. उष्णतेचे हिसके गोटीला काठावरून उडवत असतील तर तापमान उतरेल तसा हा वेग मंदावत जाईल. टनेलिंग होत असेल तर एका तापमानानंतर वेग मंदावायचा थांबेल, कारण टनेलिंगला उष्णता लागतच नाही.

१९८१ मध्ये आयबीएममध्ये रिचर्ड व्हॉस आणि रिचर्ड वेब यांना असा सपाट होणारा आलेख दिसलाही होता. मग खात्री का पटू नये? कारण सपाट आलेखाचा दुसरा, अगदी साधा अर्थ निघतो: गोटीला बाहेरून कुणीतरी धक्के देतंय. चिप केवल शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या नीचतम तापमानाच्या, जवळ असली तरी तिला जोडलेल्या तारा खोलीतल्या उपकरणांपर्यंत जातात. खोलीची ऊब मायक्रोवेव्हच्या रूपाने त्याच तारांतून खाली उतरते. शीतपात्र कितीही थंड करा, गोटीला तिच्या वाट्याचे धक्के बसतच राहणार, आणि आलेख हुबेहूब टनेलिंगसारखा दिसणार.

बर्कलीतल्या क्लार्क यांच्या प्रयोगशाळेत हा पेच सोडवायला तिघं एकत्र आले. क्लार्क केंब्रिजहून आलेले, अतिवाहक उपकरणांनी अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजण्यात मुरलेले. देवोरे पॅरिसहून पीएचडी उरकून १९८२ मध्ये दाखल झालेले. १९५८ चा जन्म असलेले मार्टिनिस बर्कलीतच पदवी घेऊन पीएचडीला बसलेले. या तिघांच्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग समीकरणात नाही, एका नळीत आहे.

धातूच्या नळीत तारेचं वेटोळं ठेवायचं आणि नळी तांब्याच्या बारीक भुकटीने ठासून भरायची. प्रत्येक कणावर ऑक्साइडची पातळ साय असते, त्यामुळे कण एकमेकांना चिकटलेले दिसले तरी विद्युतदृष्ट्या अलग राहतात. सगळ्या कणांचा मिळून पृष्ठभाग मात्र अफाट होतो. वारंवारता जितकी जास्त तितका प्रवाह धातूच्या कातडीपुरताच वाहतो. त्यामुळे तारांतून उतरणाऱ्या मायक्रोवेव्हची ऊर्जा या असंख्य कातड्यांवर विरून जाते, आणि प्रयोगाला हवा असलेला संथ प्रवाह तारेतून बिनदिक्कत पुढे सरकतो. तांब्याच्या भुकटीची ही गाळणी आजही अतिशीत प्रयोगांत वापरली जाते.

गाळणी बसवली म्हणून बाहेरच्या धक्क्यांचा गोंगाट संपला, असं मात्र त्यांनी गृहीत धरलं नाही. चुंबकीय क्षेत्र लावून त्याच जोडाची प्रवाह पेलण्याची क्षमता त्यांनी मुद्दाम घटवली. अशा स्थितीत टनेलिंग फारच कमी तापमानाला सुरू व्हायला हवं, आणि तोवर निसटण्याचा वेग तापमानाबरोबर निमूटपणे उतरत जायला हवा. तो तसाच उतरला. म्हणजे तारांतून चोरटे धक्के येत नव्हते. क्षेत्र काढून घेतल्यावर त्याच जोडाचा आलेख ०.०४ केल्विनच्या (केवल शून्याच्या अगदी जवळच्या तापमानाच्या) आसपास सपाट झाला. दुसरं, जोडाचे गुणधर्म त्यांनी मायक्रोवेव्हचा झोत सोडून स्वतंत्रपणे मोजले होते. त्यामुळे सिद्धान्ताशी ताळा घालताना एकही आकडा सोयीने ठरवायला जागा उरली नव्हती. आणि त्याच मायक्रोवेव्हने दुसरा निकालही हाती दिला: ठरावीक वारंवारतेलाच गोटी झपाट्याने निसटत होती. पन्हळीत तिला हव्या त्या उंचीवर राहायची मुभा नव्हती, ऊर्जेच्या पायऱ्या होत्या. अणूत असतात तशाच, फक्त इथला ‘अणू’ माणसाने आखून बनवलेला होता. दोन्ही निबंध १९८५ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आले.

मार्टिनिस यांची पुढची पंधरा वर्षं वरवर पाहता या वाटेपासून दूरची आहेत. १९८७ ची पीएचडी, मग फ्रान्समधली साक्लेची संशोधन संस्था, जिथे देवोरे परतले होते, आणि नंतर कोलोराडोतल्या बोल्डरची राष्ट्रीय मानक संस्था. तिथे त्यांनी क्ष-किरणांची ऊर्जा काटेकोर मोजणारे शीत संवेदक केले आणि इलेक्ट्रॉन एकेक करून मोजणाऱ्या उपकरणावर काम केलं. १९९६ च्या त्या उपकरणात अब्जात पंधराच्या आसपास चूक होत होती. मानकं ठरवणाऱ्या संस्थेत राहून चुकीचा हिशेब ठेवायची जी सवय लागते, ती पुढे त्यांच्या प्रत्येक निबंधात दिसते.

दरम्यान बाहेर जग बदललं. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवलं की क्वांटम कॉम्प्युटर मोठ्या संख्यांचे अवयव झपाट्याने पाडू शकेल, आणि गुप्तलेखनावर अवलंबून असणारे सगळे कान टवकारून बसले. १९९९ मध्ये जपानच्या एनईसी कंपनीत यासुनोबू नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी अतिवाहक चिपवरचा क्युबिट मनाप्रमाणे हलवून दाखवला. तो टिकला काही नॅनोसेकंद, पण चिप चालते हे सिद्ध झालं.

२००२ मध्ये मार्टिनिस यांनी आपला क्युबिट मांडला, तो थेट १९८५ च्या जोडाचा वारस होता. पन्हळीतली तळाची पायरी म्हणजे ०, तिच्या वरची १. उत्तर वाचायचं कसं? पत्रा नेमका एवढा तिरका करायचा की वरच्या पायरीवरची गोटी टनेलिंग करून निसटेल आणि खालची बसून राहील. पीएचडीला जे सिद्ध करायचं होतं, तेच आता मोजपट्टी झालं होतं.

हा क्युबिट फार लवकर मरत असे. का, याचं उत्तर त्यांच्या गटाने २००५ मध्ये दिलं, आणि माझ्या मते १९८५ नंतरचं त्यांचं सर्वांत मोलाचं काम हेच आहे, जरी त्याची बातमी कुठे झाली नाही. दोष परिपथाच्या आराखड्यात नव्हता, मालात होता. चिपवर विद्युतरोधक म्हणून घातलेलं सिलिकॉन ऑक्साइड हे खरं तर काचच. काचेत अणूंची रचना विस्कळीत असते. काही अणू दोन जागांमध्ये डळमळत राहतात आणि आपल्या वारंवारतेशी जुळणारी ऊर्जा गिळून टाकतात. काचेचा हा स्वभाव अतिशीत भौतिकीला १९७२ पासून ठाऊक होता. मार्टिनिस यांच्या गटाने रोधक बदलून सिलिकॉन नायट्राइड घातलं, जोड लहान केले आणि ऊर्जा गळण्याचा वेग वीसपट घटला. गोंगाट आता तारांतून नव्हे, चिपच्या अंगातूनच येत होता.

तोवर २००४ मध्ये ते सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आले होते. २००७ मध्ये येल विद्यापीठाच्या गटाने, ज्यात देवोरेही होते, ट्रान्समॉन नावाचा वेगळ्या बांधणीचा क्युबिट आणला. तो सरस निघाला. मार्टिनिस यांनी वर्षानुवर्षं जोपासलेला आपला क्युबिट बाजूला ठेवला आणि ट्रान्समॉनचाच एक अवतार घडवला. २०१४ मध्ये अशा पाच क्युबिटच्या चिपवर दोन क्युबिटची क्रिया ९९.४ टक्क्यांपर्यंत अचूक झाली. चुका दुरुस्त करण्याच्या ज्या पद्धतीवर सगळ्यांची भिस्त आहे, तिला साधारण शंभरात एकाहून कमी चूक लागते. तो उंबरठा ओलांडला गेला होता, आणि त्याच वर्षी गूगलने मार्टिनिस यांना गटासकट आपल्याकडे घेतलं.

यापुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. गूगलच्या सिकॅमोर चिपवर ५४ क्युबिट, त्यातला एक बिघडलेला, म्हणून ५३. २३ ऑक्टोबर २०१९ च्या ‘नेचर’ निबंधातला दावा असा, की २०० सेकंदांत चिपने केलेल्या कामाला सर्वांत ताकदवान महासंगणकाला १०,००० वर्षं लागतील. आयबीएमने लगेच टोला हाणला: नीट केलं तर अडीच दिवस पुरतील. पुढे इतरांनी नव्या युक्त्या वापरून ग्राफिक्स प्रोसेसरांवर तेच काम काही तासांत केलं. दहा हजार वर्षांचा आकडा टिकला नाही, हे मान्य करायला हवं. पण वादाच्या धुरळ्यात दुसरा एक आकडा झाकला गेला. त्रेपन्न क्युबिटवरच्या सर्वांत मोठ्या गणितात शाबूत उरलेला संकेत अवघा ०.२ टक्के होता. आणि सुट्या सुट्या क्रियांच्या चुका मोजून आधीच वर्तवलेला आकडाही तोच होता. म्हणजे क्युबिट वाढले म्हणून चुकांची कुठलीही अनपेक्षित जात उपटली नव्हती. लेगेट यांच्या प्रश्नाच्या दृष्टीने बघितलं तर मला ही बातमी जास्त मोठी वाटते.

एप्रिल २०२० मध्ये मार्टिनिस यांनी गूगल सोडलं. त्याआधी त्यांच्याकडून नेतृत्व जाऊन सल्लागाराची भूमिका आली होती. प्रकल्प कसा चालवावा याबद्दलचे मतभेद त्यांनी नंतर मुलाखतींत लपवले नाहीत. काही महिने ते सिडनीत मिशेल सिमन्स यांच्या कंपनीत होते, जिथे सिलिकॉनमध्ये एकेक अणू बसवून क्युबिट करतात. २०२२ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह कोलॅब ही कंपनी काढली. गूगलचा गट पुढे चालत राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या १०५ क्युबिटच्या विलो चिपवर चुका दुरुस्त करणाऱ्या क्युबिटची जाळी मोठी केली तशी चूक वाढण्याऐवजी घटत गेली. देवोरे आज त्याच गटाचे मुख्य शास्त्रज्ञ आहेत.

कोलॅबमध्ये मार्टिनिस ज्या गोष्टीमागे लागले आहेत ती ऐकायला अगदीच किरकोळ आहे. जोसेफसन जोड आजही बहुतेक ठिकाणी एका जुन्या पद्धतीने होतात: चिपवर रसायनाचा साचा पाडायचा, तिरक्या कोनातून ॲल्युमिनियमची वाफ बसवायची, ऑक्साइडचा थर चढू द्यायचा, दुसऱ्या कोनातून पुन्हा वाफ, आणि मग साचा विरघळवून नको असलेला धातू उचलून टाकायचा. सोपं, स्वस्त, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला परवडणारं. पण साच्याचा लवलेश धातूखाली राहून जातो. चिप उद्योगाने ही रीत केव्हाच मागे टाकली. क्युबिट करणाऱ्यांनीही ती सोडून कारखान्यातली यंत्रं वापरावीत, असा त्यांचा आग्रह आहे. धातूखाली अडकलेला तो लवलेश थंडीत काचेसारखाच वागतो आणि क्युबिटची ऊर्जा गिळत बसतो.