शेड रिंगची की कमानीची? आधी लॅम्पची मान बघा

दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरून दोन टेबल लॅम्प खाली आले. एक आजोबांचा, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधला. पितळी, बुडाशी जड, मानेपाशी काळा पडलेला. दुसरा फुईचा, म्हणजे आत्याचा, चिनी मातीचा, निळ्या फुलांचा. तिच्या मुलाने तो फार वर्षांपूर्वी अमेरिकेतून आणला होता. दोन्हीच्या शेड गेलेल्या. आजोबांच्या शेडचं कापड बोट लावलं की भुगा होत होतं, आणि फुईच्या शेडमध्ये उंदरांनी संसार थाटून झाला होता.

मी शहाणपणा केला. शिंप्याची टेप घेऊन दोन्ही शेडची रुंदी-उंची कागदावर लिहिली, धुळ्याला पाच कंदीलच्या बाजारात गेलो आणि मापाला माप लावून दोन शेड घेऊन आलो. घरी दोन्ही फसल्या. पितळी लॅम्पवर नवी शेड ठेवली तर तिची रिंग होल्डरवरून सरळ खाली उतरली आणि शेड मानेवर पगडीसारखी तिरकी लोंबू लागली. फुईच्या लॅम्पला तर बल्बच्या दोन्ही बाजूंनी तारेची कमान. तिच्यावरून रिंग खाली जाईना, कमान काढून ठेवली तर रिंग कशावर टेकवायची ते कळेना. परत गेलो तेव्हा दुकानदाराने शेडकडे बघितलंही नाही. अहिराणीत म्हणाला, "भाऊ, मानना फोटो शे का?" म्हणजे लॅम्पच्या मानेचा फोटो आहे का?

प्रश्न बरोबर होता. टेबल लॅम्पच्या शेड आतून दोन वेगळ्या जातींच्या असतात आणि दुकानात फळीवर मांडल्या की दोन्ही सारख्याच दिसतात. वरून बघितलं तर दोन्हींत तीन तारा आणि मधोमध एक गोल. फरक त्या गोलाच्या भोकात आहे.

आपल्याकडच्या जुन्या लॅम्पची शेड बहुतेक रिंगची. ब्रिटिशांनी आपल्याला पिनचा बल्ब दिला. त्याची टोपी 22 मिलिमीटरची, म्हणून त्याला बी-22 म्हणतात. या बल्बच्या होल्डरला बाहेरून आटे असतात आणि त्या आट्यांवर एक चकतीसारखी रिंग फिरते. ती काढायची, शेडचं भोक होल्डरवर घालायचं, वरून रिंग आवळायची. शेडचा सगळा भार होल्डरवर. या शेडचं भोक साधारण 28-29 मिलिमीटरचं असतं. मोजायला व्हर्नियर नको, खिशातलं दहा रुपयांचं नाणं पुरे. ते 27 मिलिमीटरचं आहे, म्हणजे या भोकातून अंग चोरून पार होतं.

कमानीची शेड अमेरिकन पद्धतीची. तिकडे होल्डरच्या खाली दोन कान असलेली पट्टी बसवतात. त्या कानांत तारेची कमान उभी राहते, तिला हार्प म्हणतात. कमान बल्बला वळसा घालून वर जाते, माथ्यावर एक छोटा स्क्रू असतो. शेड त्या स्क्रूवर टोपीसारखी ठेवायची आणि वरून घुंडी आवळायची. होल्डरवर भार नाही, बल्ब बदलताना शेडशी झटापट नाही. या शेडच्या मधल्या गोलाचं भोक जेमतेम एक सेंटिमीटरचं. करंगळी शिरत नाही, नाण्याचा तर प्रश्नच नाही.

म्हणजे दुकानात नाणं भोकाला लावलं की अर्धा निकाल तिथेच. अर्धा म्हणतो, कारण रिंगवाल्यांतही दोन घरं आहेत आणि माझा पहिला घोटाळा तिथलाच. आट्यांचा बल्ब, म्हणजे ई-27, लावायचा होल्डर जाड असतो. त्याच्यासाठीच्या शेडचं भोक 40 मिलिमीटरच्या आसपास असतं आणि हल्ली विकत मिळणाऱ्या पुष्कळ शेड याच मापाच्या येतात. त्यातून नाणं खडखडत खाली पडतं. अशी शेड पिनच्या होल्डरवर चालवता येते. मध्ये घालायची प्लॅस्टिकची चकती मिळते, कधी शेडबरोबर पिशवीतच असते आणि आपण ती कचऱ्यात टाकतो. मी टाकली होती. उलटं मात्र जमत नाही. 28 चं भोक 40 च्या होल्डरवर बसवायचं तर तारेची रिंग कापून मोठी जोडावी लागेल, आणि झाळ लावताना शेजारचं कापड जळणार. शंका असेल तर मोठ्या भोकाचीच घ्यावी.

कमान हरवली असेल तर लॅम्प कमानीचा होता हे ओळखायचं कसं? होल्डरच्या बुडाशी बघा. ते दोन कान दिसले की ओळख पटली. आमच्या एका वायरमनने ते कान बिनकामाचे समजून पक्कडीने वाकवून सपाट केले होते. पुन्हा उभे करताना एकाला चीर गेली. कमान बाजारात सुटी मिळते, पण पट्टी आणि कमान एकाच जोडीच्या हव्यात.

उंचीच्या बाबतीत हे दोन प्रकार अगदी वेगळे वागतात, आणि माझ्या मते खरा फरक हाच. रिंगच्या शेडची उंची कारखान्यातच ठरलेली. होल्डर जिथे आहे तिथे रिंग, आणि शेडची रिंग तिच्या खालच्या काठापासून जितकी वर तितकी शेड खाली उतरणार. म्हणून ही शेड घेताना नुसती बाहेरून मोजून उपयोग नाही. खालच्या काठापासून रिंगपर्यंतचं अंतर मोजायचं आणि ते लॅम्पशी ताडून बघायचं. शेडचा काठ होल्डर झाकून मानेच्या थोडा खाली यावा. होल्डर उघडा पडला तर लुगडं आखूड झाल्यासारखं दिसतं. फार खाली आली तर पितळेची घडण झाकली जाते, मग जुना लॅम्प ठेवला कशाला? कमानीच्या शेडला ही सोय आहे. कमानी साधारण 7 इंचांपासून 12 इंचांपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकाने येतात. शेड खाली बसली तर मोठी कमान, वर गेली तर छोटी. शेड तीच राहते.

आकाराचा हिशेब दोन्हींना सारखाच. लॅम्पचा पाय बुडापासून होल्डरच्या खालपर्यंत मोजायचा. शेडची उंची त्याच्या पाऊणपट आणि खालची रुंदी साधारण पायाच्या उंचीइतकी धरली की डोळ्याला बरं दिसतं. पायाचा सर्वांत फुगीर भाग शेडच्या बाहेर डोकावता कामा नये. हे काही शास्त्र नव्हे. शेवटी खुर्चीवर बसून बघायचं, बल्ब डोळ्यात आला तर ती शेड त्या टेबलाची नाही. शेडची तीन मापं सांगायची असतात: वरची रुंदी, खालची रुंदी आणि बाजूची तिरकी उंची. मी सरळ उंची सांगून बसलो होतो. निमुळत्या शेडमध्ये तेवढ्यानेही गडबड होते.

बल्बला चिमटा लावून बसणाऱ्या शेडही दिसतील. छोट्या मेणबत्तीसारख्या बल्बसाठी त्या ठीक, बाकी त्यांच्या वाटेला जाऊ नये. तो चिमटा काचेच्या गोल बल्बसाठी केलेला आहे, अर्धं अंग प्लॅस्टिकचं असलेल्या एलईडीवर तो घसरतो.

एलईडीने एक चांगलं केलं. जुना 60 वॅटचा बल्ब बहुतेक वीज उष्णतेतच घालवायचा, म्हणून कापडी शेड चार बोटं तरी लांब ठेवावी लागे आणि तरीही आतून करपून पिवळी पडायची. आजोबांच्या शेडचा भुगा त्यानेच झाला. आता 7 ते 9 वॅटच्या एलईडीत तेवढा उजेड मिळतो. पण आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या शेडचा गोंद सुटून कापड काठापासून उलगडतं. शिवलेल्या काठाची शेड मिळाली तर चार पैसे जास्त द्यावेत. वरून तोंड बंद असलेली शेड एलईडीलाही नको, गरम हवा कोंडली की तो लवकर मरतो.

अमेरिकन लॅम्पबद्दल आणखी एक. तिकडचा बल्ब 120 व्होल्टचा, आपल्या 230 वर लावला की क्षणात जातो. आट्यांचं माप 26 मिलिमीटरचं असलं तरी आपला 27 चा बल्ब त्यात सहसा बसतो. तरी होल्डर आणि वायर इथलीच घालून घ्यावी, प्लगसुद्धा. काही जण त्या निमित्ताने कमानच काढून टाकतात आणि रिंगचा पिन होल्डर बसवतात. चालतं, पण फुईच्या लॅम्पसारख्या मोठ्या पोटाच्या लॅम्पला मोठी, जड शेड लागते. ती बॅकेलाइटच्या, म्हणजे जुन्या कडक प्लॅस्टिकच्या, होल्डरवर टांगून ठेवणं मला पटलं नाही. मी होल्डर बदलला, कान असलेली पट्टी त्याच्याखाली होती तशी ठेवली. पितळी लॅम्पला उलट कमान बसवायचा मोह झाला होता. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या पितळी लॅम्पची नळी बरेचदा अर्ध्या इंचाची असते आणि कमानीच्या पट्टीचं भोक साधारण 10 मिलिमीटरचं. भोक वाढवण्यापेक्षा 28 ची शेड शोधली.

राहिली फुईच्या लॅम्पची घुंडी, ती उंदरांच्या संसाराबरोबर गेली होती. हार्डवेअरच्या दुकानातून पाव इंची नट आणला. एक फेरा बसला आणि अडकला. आपला पाव इंची नट इंचाला 20 आट्यांचा, त्या स्क्रूला इंचाला 27. सहा मिलिमीटरचा नट तर चढतच नाही, कारण स्क्रू 6.35 चा आहे. शेवटी जळगावच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडे कमान घेऊन गेलो. त्याने पितळेच्या सळईचा तुकडा घेऊन आटे पाडले आणि वर कलिंगडासारखी रेघारेघांची घुंडी कोरली. फुईला लॅम्प दाखवला तर शेडकडे तिचं लक्षच नाही, घुंडी फिरवून बघत बसली.