मिनॉक्वा : सरोवरकाठची मध्यवर्ती बाजारपेठ

मिनॉक्वा हे अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ओनायडा परगण्यात वसलेले, सरोवरकाठच्या उन्हाळी पर्यटनासाठी प्रसिद्ध असलेले छोटे नगर आहे. लोकसंख्या ४,३८५ (२०१०). ते शिकागोच्या उत्तर-वायव्येस सु. ५५० किमी.वर, ‘नॉर्थवुड्स’ म्हणजे ‘उत्तरेकडील अरण्ये’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्याच्या मध्यवर्ती बाजारपेठेपुरती मर्यादित आहे. हा भाग मिनॉक्वा सरोवराच्या पाण्याने जवळजवळ चहूबाजूंनी वेढलेला असल्याने नगराला ‘आयलंड सिटी’ (द्वीपनगर) असे टोपणनाव मिळाले आहे.

या टोपणनावातील ‘सिटी’ हा शब्द कायदेशीर अर्थाने घेता येत नाही. विस्कॉन्सिनच्या कायद्यानुसार मिनॉक्वा हे ‘टाउन’ आहे. म्हणजे सनदप्राप्त शहर किंवा खेडे नसून विस्तीर्ण वनभूमी, सरोवरे आणि विखुरलेली घरे यांना सामावून घेणारा परगण्याचा एक प्रशासकीय विभाग आहे. त्यामुळे वर दिलेली लोकसंख्या संपूर्ण टाउनची असून बाजारपेठेच्या भागात, जो जनगणनेत वेगळा नोंदविला जातो, २०१० मध्ये ५०० हून कमी लोक राहत होते. हा फरक ध्यानात न घेतल्यास उन्हाळ्यातील गर्दी आणि कायम वस्ती यांचे प्रमाण चुकीचे समजण्याचा संभव आहे.

नावाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. नाव ओजिब्वे या येथील मूळ रहिवासी जमातीच्या भाषेतून आले याविषयी सहसा शंका घेतली जात नाही. मतभेद आहे तो अर्थाबद्दल. एका मतानुसार ते ‘मध्यान्ह’ या अर्थाच्या शब्दाचे रूपांतर आहे. ओजिब्वेमध्ये मध्यान्हासाठी ‘नावक्वे’ असा शब्द असल्याने उत्तरार्धाचे साम्य दिसते, परंतु आरंभीच्या ‘न’चा ‘म’ कसा झाला याचे स्पष्टीकरण या मताला द्यावे लागते. दुसरे मत ‘मिनो’ (चांगला) आणि ‘इक्वे’ (स्त्री) हे दोन घटक जोडून ‘सुशील स्त्री’ असा अर्थ काढते. हे दोन्ही शब्द भाषेत खरोखर आहेत आणि हा अर्थ लोकप्रियही आहे. तथापि ओजिब्वे स्थलनामे बहुधा भूमी, पाणी, वनस्पती किंवा निर्वाहाची साधने यांचे वर्णन करणारी असतात. शेजारच्या लॅक द्यू फ्लांबो या फ्रेंच नावातही (‘मशालीचे सरोवर’) रात्री मशालीच्या उजेडात मासे मारण्याच्या ओजिब्वे रीतीचाच निर्देश आहे. या दृष्टीने ‘मिनो’ला वृक्षराजीचा बोध करून देणारा ‘-आक्वा’ हा प्रत्यय लागून ‘चांगली वनराजी’ असा अर्थ होणे रचनेच्या आणि स्थळाच्याही दृष्टीने अधिक सयुक्तिक वाटते. मात्र त्यास निर्णायक म्हणता येणार नाही.

१८३७ व १८४२ च्या करारांनी ओजिब्वे लोकांकडून या प्रदेशातील जमिनी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ताब्यात गेल्या आणि १८५४ च्या ला पॉइंट येथील करारानंतर लॅक द्यू फ्लांबोचे ओजिब्वे लोकांसाठीचे राखीव क्षेत्र अस्तित्वात आले. सध्याची वस्ती मात्र लाकूडतोड आणि लोहमार्ग यांतून उभी राहिली. पांढऱ्या पाइनची अरण्ये तोडण्यासाठी १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागो, मिलवॉकी अँड सेंट पॉल कंपनीचा लोहमार्ग येथे पोहोचला. अरण्ये विरळ होऊ लागली तसतसा त्याच मार्गाने मासेमारीसाठी आणि उन्हाळी मुक्कामासाठी येणारा शहरी प्रवासी वाढत गेला. १९३० च्या दशकात सुरू झालेली ‘नॉर्थ वुड्स हायवाथा’ ही गाडी न्यू लिस्बनहून येथपर्यंत धावत असे. १९१२ च्या आगीत बाजारपेठेचा बराचसा भाग जळाला. त्यामुळे लाकूडतोडीच्या काळातील पहिल्या बांधकामांची अपेक्षा येथे येणाऱ्याने ठेवू नये.

बाजारपेठेचा आटोपशीर आकार पाण्याने ठरविला आहे. सरोवर हिमनदीच्या कार्यातून निर्माण झालेले असून त्याचे क्षेत्रफळ सु. ५४० हेक्टर व कमाल खोली सु. १८ मी. आहे. ते नैसर्गिक असले तरी त्याची पातळी पूर्णतः नैसर्गिक नाही : टॉमाहॉक नदीवरील धरणाद्वारे विस्कॉन्सिन व्हॅली इंप्रूव्हमेंट कंपनी ती नियंत्रित करते आणि येथून सुटणारे पाणी पुढे विस्कॉन्सिन नदीला मिळते. काठावरून शांत दिसणारे हे पाणी एका मोठ्या नदीव्यवस्थेतील साठाही आहे, हे पाहुण्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

दक्षिणेकडून ५१ क्रमांकाचा महामार्ग पुलावरून बाजारपेठेत शिरतो. ओनायडा स्ट्रीट हा तिचा मुख्य रस्ता असून फज ही दूधसाखरेची मिठाई, कपडे व मासेमारीचे साहित्य विकणारी दुकाने आणि खाणावळी पायी फिरण्याच्या अंतरात आहेत. टॉर्पी पार्क हे काठावरील सार्वजनिक उद्यान आहे. काठावरच्याच प्रेक्षागारासमोर ‘मिन-अ‍ॅक्वा बॅट्स’ हे १९५० मध्ये स्थापन झालेले, देशातील सर्वांत जुन्या हौशी पथकांपैकी एक असलेले पथक उन्हाळ्यात जलस्कीइंगचे खेळ करते. सप्टेंबरच्या अखेरीस भरणाऱ्या ‘बीफ-अ-रामा’ या उत्सवात व्यापारी रस्त्यावरच गोमांसाचे मोठे तुकडे भाजतात व ते मिरवीत नेतात.

बाजारपेठ पाहण्याचे सर्वांत चांगले ठिकाण तिच्या बाहेर, पाण्यावर आहे. रेल्वे बंद झाल्यावर तिच्या मार्गाचे ‘बेअरस्किन स्टेट ट्रेल’ या पाऊलवाटेत रूपांतर करण्यात आले. डाकघराच्या मागून निघणारी ही वाट लगेचच जुन्या रेल्वेपुलावरून सरोवर ओलांडते आणि पुढे टॉमाहॉक या गावाच्या दिशेने जाते. तिच्यावर ग्रॅनाइटची बारीक खडी पसरलेली असून १६ वर्षे व त्यावरील सायकलस्वारांना राज्याचा परवाना घ्यावा लागतो. पुलाच्या मध्यावर थांबून मागे पाहिले असता दुकानांच्या मागील बाजू, धक्के व नौका एका दृष्टिक्षेपात येतात, आणि ही वस्ती रेल्वेच्या वाटेने येथे का स्थिरावली हे नकाशापेक्षा अधिक स्पष्ट कळते. हिवाळ्यात हीच वाट स्नोमोबाइल या बर्फावरून धावणाऱ्या वाहनांसाठी वापरली जाते.