गुडघा किती दुखतो, हे एक्स-रेत दिसत नाही

गुडघ्याच्या एक्स-रेत डॉक्टर दोन हाडांमधली फट पाहतात. ती जवळपास मिटलेली असूनही काही जण जोतिबाच्या पायऱ्या चढून येतात. उलट फिल्मवर फारसं काही नसलेले रात्र रात्र कळ सोसतात. झीज आणि वेदना यांचा मेळ नेहमी बसत नाही, हे संधिवाताच्या अभ्यासांत वारंवार दिसलंय.

तेव्हा विचारायचं रुग्णालाच. पण नुसतं ‘कसं वाटतंय?’ विचारून भागत नाही, कारण आपला माणूस डॉक्टरांसमोर ‘बरं हाय की’ म्हणून मोकळा होतो. त्यासाठी ठरावीक प्रश्नावल्या आहेत. १९९८ मध्ये ऑक्सफर्डला गुडघ्यासाठी तयार झालेल्या प्रश्नावलीत १२ प्रश्न आहेत, सगळे गेल्या चार आठवड्यांबद्दलचे: रात्री दुखतं का, जिना उतरता येतो का, बाजारहाट एकट्याने जमतो का. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ४८. जितके जास्त गुण, तितका गुडघा चांगला. इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा २००९ पासून सांधेरोपणाच्या रुग्णांकडून अशी उत्तरं शस्त्रक्रियेआधी आणि काही महिन्यांनी घेते.

कर्करोगात तर याचा परिणाम आयुष्यावरच दिसला. न्यूयॉर्कमधल्या ७६६ रुग्णांच्या चाचणीत काहींनी मळमळ, धाप, वेदना अशा १२ तक्रारी स्वतः संगणकावर नोंदवल्या; त्रास वाढला की नर्सला ईमेल जायचा. २०१७ मध्ये निकाल आला: या गटाचं मध्यक आयुर्मान (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ३१.२ महिने, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचं २६. चाचणी एकाच रुग्णालयातली होती, हे खरं. तरी एखाद्या नव्या औषधाने एवढा फरक पाडला असता, तर केवढा गाजावाजा झाला असता!

आता कोल्हापूरची अडचण. ऑक्सफर्डचा कागद गाडीत चढण्या-उतरण्याबद्दल विचारतो. मांडी घालून पंगतीला बसता येतं का, हे विचारत नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाईकासमोर म्हशीची धार काढणाऱ्याला उकिडवं बसावं लागतं. आपल्या मनाने प्रश्न वाढवले तर गुणांची तुलना बिघडते, म्हणून नवे प्रश्न आधी पारखून घ्यावे लागतात. तोवर डॉक्टरांनी ते वेगळे, तोंडी विचारावेत. कारण गुडघा बदलल्यावर उकिडवं बसणं सहसा टाळायला सांगतात. गुण १८ वरून ४० वर गेले, कागदावर शस्त्रक्रिया झकास झाली, तरी धार काढायला दुसरा माणूस बघावा लागेल. ते त्याला परवडणार आहे का, हे तारीख ठरवण्याआधीच बोलून घ्यायला हवं.