पेटंट जुनं म्हणून उडालं की मुळात पेटंटलायकच नव्हतं?

व्हिडिओ स्ट्रीमिंगचं कुठलंही पेटंट अमेरिकेत अपीलात हरलं की ठरलेली कॉमेंट येतेच, "हे तर आधीपासून होतं, कसलं पेटंट!" अरे बाबा, निकाल कुठल्या कलमाखाली लागलाय ते तरी बघ.

अमेरिकेच्या पेटंट कायद्यातलं कलम 103, म्हणजे "हे तर उघडच होतं" म्हणून पेटंट उडवणारं कलम, सगळ्यांना माहितीये. जुनी स्टँडर्ड्स, जुने पेपर काढायचे आणि म्हणायचं की या लाइनमधल्या माणसाला हे सहज सुचलं असतं. समजा क्लेम (पेटंटमध्ये नेमका कशावर हक्क मागितलाय ते वाक्य) असा आहे की नेटवर्क तुंबलं की ज्यांच्यावर दुसरी फ्रेम अवलंबून नाही अशी पॅकेट्स आधी टाकून द्या. आता एच.264 या व्हिडिओ कॉम्प्रेशनच्या स्टँडर्डमध्ये 2003 पासून त्यासाठी हेडरमध्ये दोन बिट आहेत, ते शून्य असले की ती फ्रेम पुढे कोणाला लागत नाही. झाली 103 ची तयारी.

कलम 101 बघतं पात्रता, म्हणजे ही गोष्ट मुळात पेटंटलायक आहे का. त्याला असा एकही जुना कागद लागत नाही. तिथे प्रश्न एवढाच की क्लेममध्ये नुसतं "महत्त्वाचा डेटा आधी पाठवा" आहे, की ते कसं करायचं याची ठोस रीत आहे? महत्त्व मोजायचं कोणालाच न सुचलेलं गणित काढलंत आणि क्लेममध्ये नुसतं तेच टाकलंत, तर नवीन असूनही इथे आपटू शकता. वरचा दोन बिटवाला क्लेम उलट इथून कदाचित सुटेल आणि 103 मध्ये मरेल.

टू-वे मीडिया विरुद्ध कॉमकास्ट बघा, 2017, फेडरल सर्किट (अमेरिकेत पेटंटची अपीलं ऐकणारं कोर्ट). विषय प्रायॉरिटीचा नाही, लाइव्ह ऑडिओ-व्हिडिओ पोचवण्याचा, पण गुंता हाच. पेटंटवाल्यांनी आमचं नवीन होतं याचे कागद पुढे केले, खालच्या कोर्टाने ते विचारातच घेतले नाहीत आणि वरच्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं, कारण पात्रता वेगळी आणि नावीन्य वेगळं. नेटवर्कची रचना सुधारल्याचं वर्णनात होतं म्हणे, पण क्लेममध्ये उतरलंच नव्हतं, मग उपयोग काय? (आकृत्या बघून पेटंटवर मत देणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.)

आता कोणीतरी म्हणेल, 101 साठी सुप्रीम कोर्टाने ॲलिस निकालात जी दोन पायऱ्यांची चाचणी दिलीये, तिच्या दुसऱ्या पायरीत "नेहमीचंच, रुटीन आहे का" हे बघतातच की, मग जुनेपणा आलाच. नाही आला. 2018 च्या बर्कहायमर निकालात स्पष्ट आहे की एखादी गोष्ट एका जुन्या कागदात सापडली म्हणून ती रुटीन ठरत नाही, धंद्यात सर्रास वापरात होती का हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे आणि त्याला पुरावा लागतो.